‘जेल’मधला ज मूळचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुरुंगासाठीचा इंग्रजी ‘जेल’ हा शब्द कुठून आला? तो जे-ए-आय-एल आणि जी-ए-ओ-एल अशा दोन प्रकारे लिहितात, तरी उच्चार एकच कसा? ‘प्रिझन’ आणि ‘जेल’ यांत फरक आहे का? आणि संस्कृत ‘जाल’, म्हणजे जाळे, याच्याशी त्याचे काही नाते आहे का?

शेवटचा मुद्दा आधी घेतो. नाते नाही. पण का नाही हे पाहिले की बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरे वाटेतच सापडतात.

व्युत्पत्ती शोधताना दोन शब्दांचे आजचे उच्चार शेजारी ठेवून भागत नाही. प्रत्येकाला त्याच्या वाटेने जमेल तितके मागे न्यायचे आणि तिथे ते एकमेकांना भेटतात का ते पाहायचे. ‘जाल’ संस्कृतात जमेल तितका मागे नेला तरी त्याचा ज हलत नाही. ‘जेल’ मागे नेला की मात्र सुरुवातीचा ज जातो आणि तिथे ग दिसतो. आणखी मागे गेले की गही जातो आणि क उरतो. म्हणजे ज्या अक्षरामुळे हे दोन शब्द भाऊ वाटतात, ते अक्षर त्यातल्या एकाला मध्ययुगात, फ्रान्समध्ये चिकटले आहे. अशा जुळवण्या समाजमाध्यमांवर रोज फिरत असतात आणि त्यातल्या बहुतेक याच एका तपासणीत गळतात.

तो मूळचा क लॅटिनमधला. ‘कावुस’ म्हणजे पोकळ. त्यावरून ‘कावेआ’: पोकळ किंवा बंदिस्त जागा, पक्ष्यांचा पिंजरा, खुराडे, जनावरांचा कोंडवाडा. रोमन नाट्यगृहात प्रेक्षकांच्या बसायच्या खोलगट पायऱ्यांनाही ‘कावेआ’च म्हणत आणि पुरातत्त्वज्ञ आजही तोच शब्द वापरतात. या ‘कावेआ’ला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘कावेओला’ झाला, म्हणजे छोटा पिंजरा, पिंजरी म्हणा. ‘जेल’चा अक्षरशः अर्थ काढायचा तर तो एवढाच आहे.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की रोमन लोकांकडे तुरुंगासाठी स्वतंत्र, भारदस्त शब्द होता: ‘कार्केर’. इंग्रजीतला ‘इन्कार्सरेट’, स्पॅनिशमधला ‘कार्सेल’, जर्मनमधला ‘केर्कर’ हे सगळे त्याचेच वंशज. तरीही फ्रान्सच्या बोलीत तुरुंगाला पिंजरा म्हणायची रीत पडली आणि ती इतकी रुजली की पुढे कायद्याच्या कागदांतही तीच चालली. लोकांच्या तोंडचा उपरोधिक शब्द सरकारी होऊन बसण्याची उदाहरणे बऱ्याच भाषांत सापडतात. हे त्यातले ठळक म्हणायला हवे.

संस्कृतशी नाते हवेच असेल तर ते शोधायची जागा दुसरी आहे. लॅटिन ‘कावुस’ ज्या मूळ भारोपीय (म्हणजे संस्कृत, लॅटिन वगैरेंच्या समान पूर्वजभाषेतल्या) धातूवरून आला असे मानतात, त्याच्या अर्थात फुगणे आणि पोकळ होणे या दोन्ही छटा आहेत. फुगलेली वस्तू आत पोकळ असते, म्हणून. संस्कृतमधला ‘श्वि’ धातू, त्यावरून ‘शून’ म्हणजे सुजलेला, आणि त्याच वळणाने ‘शून्य’, हे शब्द बरेच भाषाशास्त्रज्ञ याच कुळात बसवतात. इतक्या मागची नाती पुनर्रचनेवर उभी असतात, त्यामुळे लॅटिन ते इंग्रजी हा प्रवास जितका लेखी पुराव्याने दाखवता येतो तितके हे दाखवता येत नाही. पण ‘जाल’पेक्षा ‘शून्य’ हा दावेदार कितीतरी बरा.

आता दोन स्पेलिंगांकडे वळतो. या शब्दाचा खरा मसाला इथे आहे.

लॅटिनची फ्रेंच होत असताना बोलभाषेत ‘कावेओला’च्या सुरुवातीचा क मऊ होऊन ग झाला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘गाविओला’सारखी रूपे आढळतात. इथून पुढे फ्रान्सच्या उत्तरेकडची बोली आणि पॅरिसच्या आसपासची बोली यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘अ’ या स्वराआधी आलेला ग उत्तरेत, म्हणजे नॉर्मंडी आणि पिकार्डीच्या पट्ट्यात, तसाच राहिला. पॅरिसकडे त्याचा ज झाला. इंग्रजीतला ‘गार्डन’ आणि फ्रेंचमधला ‘जार्दँ’ हे याचे सोपे उदाहरण: शब्द एकच, पण इंग्रजांनी तो नॉर्मन लोकांकडून उचलला म्हणून ग टिकला. डुकराच्या खारवलेल्या मांडीचा इंग्रजी ‘गॅमन’ आणि फ्रेंच ‘जाँबाँ’ यांचेही तसेच. क या अक्षराची कथा समांतर आहे. उत्तरेत क राहिला, पॅरिसकडे त्याचा च झाला, आणि इंग्रजीने कधी एकीकडून घेतले, कधी दुसरीकडून, पुष्कळदा दोन्हीकडून. ‘कॅच’ आणि ‘चेस’ ही मुळात एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. ‘कॅटल’ आणि ‘चॅटल’ हीसुद्धा. आधी दोन्हींचा अर्थ मालमत्ता, मग एकात गुरेढोरे उरली आणि दुसऱ्यात कायद्याच्या भाषेतली जंगम वस्तू.

आपला शब्दही असाच दोनदा इंग्लंडात शिरला. 1066 च्या स्वारीनंतर आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांकडून ‘गाइओल’ आला. पुढे पॅरिसच्या फ्रेंचचा रुबाब वाढला तेव्हा ‘जाइओल’ आला. ‘कॅटल’-‘चॅटल’ यांनी अर्थ वाटून घेऊन आपापला संसार थाटला, पण या दोघांचा अर्थ तंतोतंत एकच असल्याने वाटणी करायला काही उरलेच नव्हते. काही शतके दोन्ही उच्चार आणि दोन्ही लेखने शेजारी शेजारी नांदली. ग उच्चारला जाणारे रूप सतराव्या शतकापर्यंत तग धरून होते. ‘गेल’ या इंग्रजी आडनावाच्या उगमांपैकी एक हाच मानतात, तुरुंगाच्या रखवालदाराचे आडनाव म्हणून, आणि त्यात ग अजून स्पष्ट ऐकू येतो.

शेवटी निकाल लागला तो अर्धवट. बोलण्यात पॅरिसचे रूप जिंकले, लिहिण्यात नॉर्मन रूप. कारण लिहिणारे होते कायद्याचे कारकून. अधिनियम, हुकूमनामे, न्यायालयाच्या नोंदींच्या गुंडाळ्या या सगळ्यांत जी-ए-ओ-एल हेच लेखन शतकानुशतके चालत आले होते, आणि कारकून जुना मसुदा समोर ठेवूनच नवा लिहितो. म्हणून इंग्रजीला असा एक शब्द मिळाला, ज्याचे लेखन एका बोलीतले आणि उच्चार दुसऱ्या बोलीतला. इंग्रजीत ए या अक्षराआधी जी आला की तो एरवी ग असा कडक उच्चारला जातो. या शब्दात तो ज होतो. ‘मार्जरीन’ हे तसे दुसरे उदाहरण, आणि त्यानंतर मात्र आठवायला बसावे लागते.

या कारकुनी परंपरेचा एक फार जुना नमुना म्हणजे राजा दुसरा हेन्री याची 1166 ची क्लॅरेंडनची आज्ञापत्रिका. ज्या परगण्यांत तुरुंग नाहीत तिथे ते नगरात किंवा राजाच्या एखाद्या किल्ल्यात उभारावेत, राजाच्या पैशाने आणि राजाच्या लाकडाने, असे त्यात कलम आहे. आज्ञा लॅटिनमध्ये आहे, पण तुरुंगासाठी शब्द ‘कार्केर’ वापरलेला नाही. कारकुनाने ‘गाइओला’ लिहिले आहे, म्हणजे फ्रेंच शब्दालाच लॅटिन शेपूट लावले. लॅटिनमधून ‘कावेओला’ होऊन बाहेर पडलेला शब्द हजारेक वर्षांनी रूप पालटून लॅटिनमध्येच परत आला आणि लिहिणाऱ्याला ते कळलेही नसेल. लाकडाचा उल्लेखही सहज आलेला नाही. हे सुरुवातीचे तुरुंग पुष्कळदा लाकडी बांधणीचे असत. म्हणजे पिंजरा हे नाव अगदीच रूपकात्मक नव्हते.

स्पेलिंगवरून पुढे कोशकारांतही जुंपली. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात जी-ए-ओ-एलच्या बाजूने कौल दिला आणि उच्चाराप्रमाणे जे लावून लिहिण्याबद्दल नाराजी नोंदवली. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने 1828 च्या कोशात नेमकी उलट बाजू घेतली: उच्चार ज असेल तर लेखनही ज. वेब्स्टरच्या कित्येक सुधारणा अमेरिकनांनीही मनावर घेतल्या नाहीत, ही घेतली. माझे मत विचाराल तर इतिहासाच्या अंगानेही वेब्स्टरची बाजू लंगडी नाही. जे हे रूप काही त्याने शोधून काढलेले नव्हते. मध्ययुगापासून इंग्रजीत असलेले, पॅरिसच्या वळणाचे ते अस्सल रूप होते. ‘अमेरिकनांनी स्पेलिंग बिघडवले’ ही तक्रार निदान या शब्दाबाबत टिकत नाही. ब्रिटनमध्येही विसाव्या शतकात वर्तमानपत्रे आणि प्रकाशक हळूहळू जेकडे वळले. जुने लेखन आता मुख्यतः ऐतिहासिक वास्तूंच्या नावांत भेटते: डब्लिनचा किल्मेनम, जिथे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या आयरिश उठावाच्या नेत्यांना गोळ्या घातल्या, किंवा मेलबर्नचा जुना तुरुंग, जिथे नेड केली या प्रसिद्ध दरोडेखोराला 1880 मध्ये फाशी दिले.

आता अर्थ. आज आपण ‘जेल’ म्हटले की शिक्षा भोगण्याची जागा समजतो. ही समजूत शब्दापेक्षा बरीच तरुण आहे. मध्ययुगात आणि नंतरही कित्येक शतके इंग्लंडातला तुरुंग ही प्रामुख्याने थांबवून ठेवायची जागा होती. आरोपीला न्यायाधीश येईपर्यंत तिथे कोंडायचे. न्यायाधीश फिरतीवर असत. ते आले की खटले चालत आणि मग सुटका, दंड, फटके किंवा फास. पुढच्या काळात सागरापार हद्दपारी. देणे थकवलेले कर्जदारही तिथे असत, पैसे फिटेपर्यंत. नुसते अमुक वर्षे कोंडून ठेवणे ही गंभीर गुन्ह्याची नेहमीची शिक्षा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून होत गेली. न्यायाधीशांना फिरतीवर जाताना जो अधिकार मिळत असे त्याचे नाव होते ‘जेल डिलिव्हरी’. यातल्या ‘डिलिव्हरी’चा अर्थ सोडवणे, मोकळे करणे: तुरुंगात साठलेल्या प्रत्येकाचा निकाल लावून तो रिकामा करायचा. ही फिरती न्यायालयांची पद्धत इंग्लंडात 1971 च्या न्यायालय कायद्याने बंद झाली.

रिकामा करण्याची ही घाई सुखाची नव्हती. ‘जेल फीव्हर’ असा एक रोगच होता. आज त्याला आपण टायफस म्हणतो. तो उवांमधून पसरतो, हे शार्ल निकोल याने 1909 मध्ये सिद्ध केले. तोवर सगळे दुर्गंधीला दोष देत. कैदी खचाखच भरलेले, अंगावर महिनोन्महिने तेच कपडे, आणि त्याच कपड्यांत त्यांना न्यायालयात उभे करत. ऑक्सफर्डमध्ये 1577 च्या जुलैत भरलेल्या सत्रानंतर न्यायाधीश रॉबर्ट बेल, परगण्याचा शेरीफ, पंच आणि शहरातले लोक धरून काहीशे माणसे दगावली. त्या सत्राचे नावच ‘काळे सत्र’ पडले. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात 1750 मध्ये हेच घडले आणि त्यात महापौर सॅम्युएल पेनंटही गेला. त्यानंतर न्यायासनासमोर उग्र वासाच्या वनस्पती ठेवायची प्रथा पाळली जाऊ लागली. दुर्गंधीवर उतारा म्हणून ती ठीक. उवांना तिचे काहीच वाटत नसणार.

‘जेलर’ या शब्दालाही तेव्हा आजचा अर्थ नव्हता. तो पगारी अधिकारी नसे. तुरुंग हा जवळजवळ त्याचा धंदा होता. कैद्याला आत घेताना फी, बेड्या हलक्या करायची फी, बिछान्याची फी आणि बाहेर सोडतानाही फी. त्याशिवाय जुने कैदी नव्या कैद्याकडून दारूसाठी पैसे उकळत, त्याला ‘गार्निश’ म्हणत. पैसे नसतील त्याचे अंगावरचे कपडे काढून घेत. जॉन हॉवर्ड 1773 मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झाला तेव्हा त्याला दिसले की निर्दोष सुटलेली माणसेही आतच आहेत, कारण जेलरची फी द्यायला त्यांच्याकडे पैसे नाहीत. जेलरला फीऐवजी पगार द्या, असे त्याने स्थानिक न्यायाधिकाऱ्यांना सुचवले. त्यांनी विचारले, आधी कुठे असे केल्याचा दाखला आहे का? तो दाखला शोधायला हॉवर्ड शेजारच्या परगण्यांत गेला. दाखला मिळाला नाही. त्याला दिसली ती सगळीकडची तीच दशा. मग तो फिरतच राहिला, आधी इंग्लंडभर, पुढे युरोपभर. 1774 मध्ये संसदेने दोन कायदे केले: एकाने निर्दोष ठरलेल्यांकडून फी घेणे बंद केले, दुसरा कैद्यांच्या आरोग्याचा होता. इंग्लंड आणि वेल्समधल्या तुरुंगांवरचा हॉवर्डचा अहवाल 1777 मध्ये छापला गेला. हॉवर्ड स्वतः 1790 मध्ये खेरसोन (आजच्या युक्रेनमधले शहर) इथे तापाने गेला, आणि तो ताप बहुधा टायफसच होता.

‘प्रिझन’ची जात वेगळी. त्याचे मूळ लॅटिन ‘प्रेहेन्देरे’, म्हणजे पकडणे. ‘अॅप्रिहेन्ड’, ‘कॉम्प्रिहेन्ड’, ‘सरप्राइज’, ‘एन्टरप्राइज’ ही सगळी त्याच घरातली मंडळी. फ्रेंचमध्ये ‘प्रिझन’चा आधीचा अर्थ पकडणे, कैद अशी क्रिया किंवा अवस्था, जागा हा अर्थ नंतरचा. ‘जेल’ मात्र पहिल्यापासून वस्तूचे, चार भिंतींचे, गजांचे नाव आहे. या दोन्हींत कायदेशीर फरक आहे का, हे तुम्ही कुठल्या देशाबद्दल विचारता त्यावर ठरते. इंग्लंडात 1877 च्या कायद्याने स्थानिक तुरुंग केंद्र सरकारच्या ताब्यात गेले, सरकारी शब्द ‘प्रिझन’ ठरला आणि ‘जेल’ बोलण्यापुरता उरला. तिथे आज दोन्हींचा अर्थ एकच. अमेरिकेत मात्र फरक खरा आहे. ‘जेल’ परगण्याचा किंवा शहराचा, बहुतेक ठिकाणी शेरीफच्या अखत्यारीतला. खटला चालायची वाट पाहणारे आणि साधारण वर्षभराच्या आतली शिक्षा झालेले लोक तिथे असतात. ‘प्रिझन’ राज्याचा किंवा संघराज्याचा, लांब शिक्षेच्या लोकांसाठी. अलास्का, कनेक्टिकट, डेलावेअर, हवाई, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँट या राज्यांत दोन्हींचा कारभार राज्यच चालवते, पण भेद बोलण्यात आहेच. म्हणजे थांबवून ठेवायची जागा हा ‘जेल’चा मध्ययुगीन अर्थ इंग्लंडातून पुसला गेला आणि अमेरिकेत टिकला. त्यामुळे अमेरिकन बातमीचा अनुवाद करताना दोन्ही शब्दांना सरसकट ‘तुरुंग’ म्हटले की आरोपी आणि दोषी यांच्यातला फरक वाचकापर्यंत पोहोचत नाही. ‘कच्चा कैदी’ हा आपल्याकडचा शब्द अशा वेळी कामी येतो.

भावंडांचेही थोडे सांगतो. मूळ ‘कावेआ’पासून लघुत्वाचा प्रत्यय न लागता जो शब्द फ्रेंचमार्गे आला तो ‘केज’. म्हणजे ‘केज’ आणि ‘जेल’ सख्खे नातलग आहेत, आणि इंग्लंडातल्या खेड्यांत रात्रीपुरते कोंडायच्या खोलीलाही पूर्वी ‘केज’च म्हणत. ‘केव्ह’, ‘कॅव्हिटी’, ‘कॉन्केव्ह’, ‘एक्सकॅव्हेट’ हे ‘कावुस’चे. पोर्तुगीजमध्ये ‘गायोला’ म्हणजे आजही पक्ष्याचा पिंजराच. तुरुंगापर्यंत तो गेलाच नाही असे नाही, पण पिंजरा हा अर्थ त्याने सोडला नाही. स्पॅनिशमध्ये ‘हाउला’, तोच पुढे स्पॅनिश राजवटीत फिलिपिन्समध्ये जाऊन तागालोगमध्ये ‘हावला’ झाला. नदीकाठ किंवा दरडी सावरायला दगड भरून तारेच्या जाळीच्या पेट्या रचतात, त्यांचे ‘गॅबियन’ हे नाव इटालियन ‘गाब्बिओने’, मोठा पिंजरा, यावरून. ‘डिकॉय’ बहुधा डच ‘कोई’वरून, त्याच्या आधी ‘दे’ हे उपपद लागून. रानबदके फसवून जाळीच्या निमुळत्या बोगद्यात हाकायची ती यंत्रणा, आणि ‘कोई’ म्हणजे पुन्हा ‘कावेआ’. ‘कजोल’, म्हणजे गोड बोलून वळवणे, हाही काही कोशकार पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या कलकलाटाशी जोडतात. ते मला ओढूनताणून वाटते, सगळे कोशकारही ते मानत नाहीत. ‘जेलबर्ड’ या सतराव्या शतकापासूनच्या शब्दात मात्र पिंजरा आणि पक्षी उघड आहेत.

लिहिण्यापुरते विचाराल तर जे-ए-आय-एल कुठेही चालते. जुन्या वास्तूचे किंवा दस्तऐवजाचे नाव असेल तर त्यातले लेखन बदलू नका. आणि जुने रूप लिहिणारच असाल तर ए आणि ओ यांची जागा एकदा तपासा. ती उलटली की ‘गोल’ होतो, आणि तो बरोबर लिहिलेला शब्द असल्याने संगणकाचा शुद्धलेखन-तपासनीस त्याखाली लाल रेघ ओढत नाही. ही चूक जॉन्सनच्या काळातही होती. त्यानेही ती टिपून ठेवली आहे.